बाहेरचा जिना हलतोय: पायरी घट्ट करायची की अख्खा जिना बदलायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घर कोल्हापुरात कळंब्याकडे, २०१२ सालचं. अंगणातून पहिल्या मजल्याच्या उघड्या टेरेसवर जाणारा बाहेरचा जिना. दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनल (इंग्रजी C सारखी खोबण असलेलं जाड लोखंड), पायऱ्या लाकडी फळ्यांच्या, कठडा चौकोनी पाइपचा. वरून तिसरी पायरी हलते, कठड्याला हात लावला की तो डुलतो, खाली जमिनीजवळ गंज दिसतो. वडील ७४ वर्षांचे. रोज सकाळी वरच्या कुंड्यांना पाणी घालायला जातात आणि मागच्या महिन्यात वर पोचता पोचता त्यांचा पाय अडखळला, पडता पडता वाचले. एक फॅब्रिकेटर म्हणतो, "काय होत नाही ओ, पायरी घट्ट करतो आणि रंग मारून देतो." दुसरा म्हणतो, सगळा काढून नवा करू. कोणाचं ऐकायचं, हा तुमचा प्रश्न.

दोघांपैकी कोणीही वरचा सांधा आणि खालचा पाया उघडून बघितल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. ते बघेपर्यंत त्यांचं बोलणं अंदाजपंचे आहे आणि बरंचसं माझंही. तरी तुम्ही दिलेल्या माहितीत धागे आहेत. माझं वर्कशॉप उद्यमनगरात आहे. गेट-ग्रिलपासून शेडपर्यंत कामं चालतात, आणि पावसाळा तोंडावर आला की दुरुस्तीचे जिने येतातच. त्यावरून सांगतो.

आधी आजचं काम. जिना बंद करा. नुसती दोरी बांधून भागत नाही. घरातली माणसं, त्यातून रोजची सवय असलेली वडीलधारी, दोरी खुशाल ओलांडतात. खाली आणि वर प्लायचा तुकडा आडवा लावून तारेनं आवळून टाका. वर जायला घरातून वाट असेल तर कुंड्यांना तिथून पाणी घाला, नसेल तर चार दिवस कुंड्यांचं काय व्हायचं ते होऊ दे. आणि कोणी मिस्त्री "बघा, काही होत नाही" म्हणून पायरीवर उड्या मारून दाखवायला लागला तर त्याला थांबवा. त्याच्या उड्या पेलल्या म्हणून जिना चांगला ठरत नाही. आणि नाहीच पेलल्या तर काय, ते सांगायला नको.

आता मूळ मुद्दा. बाहेरचा लोखंडी जिना मधल्या पायरीत क्वचित मोडतो. तो सुटतो टोकांना. वर जिथं घराला धरलेला असतो तिथं, नाहीतर खाली जिथं जमिनीवर टेकलेला असतो तिथं. पायरी हलली की माणूस निदान सावध होतो. टोकं मात्र प्लॅस्टरखाली, ब्लॉकखाली, रंगाखाली मुकाट्यानं खराब होत राहतात. म्हणून जिना तपासताना मी वजनाच्या मागं मागं जातो. पाय फळीवर पडला, फळीचं वजन तिच्याखालच्या अँगलच्या (L आकाराच्या लोखंडाच्या) तुकड्यावर गेलं, तिथून चॅनलवर, चॅनलमधून थोडं वरच्या बोल्टांवर आणि उरलेलं खालच्या प्लेटवर. या साखळीत पहिली कमकुवत कडी कुठली, ते शोधायचं.

तुम्ही जाता जाता दोन गोष्टी लिहिल्यात. तीन-चार वर्षांपूर्वी अंगणात पेव्हिंग ब्लॉक घातले, आणि गेल्या वर्षी टेरेस गळत होती म्हणून वॉटरप्रूफिंग करून घेतलं. माझ्या मते सगळी मेख या दोन वाक्यांत आहे.

ब्लॉक साधारण ६० मिलिमीटर जाडीचे असतात आणि त्याखाली इंचभर वाळू किंवा ग्रिट. म्हणजे अंगण जवळपास साडेतीन इंच वर आलं. जिन्याची बेस प्लेट, म्हणजे चॅनल ज्यावर उभं असतं ती तळाची लोखंडी पाटी, आधी उघड्यावर होती, पाऊस पडला की भिजायची आणि ऊन पडलं की वाळायची. ती आता ओल्या वाळूत गाडली गेली. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथली ओल हटत नाही, आणि पुढं अंगण धुण्याचं, झाडांचं पाणी आहेच. त्यात चॅनलचा आकार असा, की आतल्या खोबणीत माती साठते. वरून जो गंज तुम्हाला दिसतो तो ब्लॉकच्या पातळीवरचा आहे. खरा माल त्याखाली आहे. लोखंड गंजलं की मूळ धातूच्या कितीतरी पट जागा घेतं, त्यामुळे चॅनलच्या पायाशी एखादा ब्लॉक उचललेला किंवा बाजूला सरकलेला दिसतो का बघा. दिसला तर खाली गंजाचे पापुद्रे सुटायला लागलेत असं समजा.

वर टेरेसला उलटा प्रकार. जुन्या कोब्यावर नवा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), त्यावर चायना मोझॅक (टाइल्सचे तुकडे), असं काम झालं असेल तर टेरेसची पातळी सहज तीन इंच वर जाते. वॉटरप्रूफिंगवाल्याला जिन्याशी देणंघेणं नसतं. तो जिन्याच्या वरच्या प्लेटवरच माल चढवून गुळगुळीत करून टाकतो, आणि बोल्ट त्याच्या आत जातात.

तुम्ही मापं दिलेली नाहीत म्हणून नेहमीची धरतो. समजा मूळ प्रत्येक पायरी सात इंच उंच होती. आता सगळ्यात खालची पायरी साडेतीन इंचांची उरली आणि वर टेरेसवर टाकायचं शेवटचं पाऊल दहा इंचांचं झालं. वडील वर पोचता पोचताच का अडखळले, ते यातून कळतं. माणूस जिना चढताना डोळ्यांनी पायऱ्या मोजत नाही. दोन-तीन पायऱ्यांत पाय लय धरतात आणि पुढची पायरी तेवढीच असेल असं गृहीत धरून उचलले जातात. वयामुळे, गुडघ्यामुळे असं आपण म्हणतो, पण तिथं तरणा माणूसही ठेचकाळेल. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या घराच्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि पाय ठेवायची रुंदी किमान २५० मिलिमीटर दिलेली आहे. एकाच जिन्यातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या पायरीत किती फरक चालेल, याबाबत अमेरिकेतल्या निवासी कोडची मर्यादा मला उपयोगी वाटते: साडेनऊ मिलिमीटर. म्हणजे आपल्या भाषेत तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तुमच्याकडे तो फरक साडेसहा इंचांच्या आसपास असू शकतो.

मोजायला अवघड नाही. एका फळीच्या वरच्या अंगावर सरळ पट्टी आडवी धरा, वर लेव्हल ठेवा, आणि पट्टीपासून खालच्या फळीच्या वरच्या अंगापर्यंत टेपनं उंची घ्या. प्रत्येक आकडा खडूनं चॅनलवरच लिहीत जा. खालून पहिलं माप ब्लॉकपासून घ्यायचं आणि शेवटचं टेरेसच्या तयार पृष्ठभागापर्यंत. टेरेसच्या बाजूनं आणि अंगणाच्या बाजूनं जेवढं पोचेल तेवढं घ्या. मधल्या पायऱ्यांसाठी जिन्यावर चढू नका, शेजारी शिडी लावा.

आता वरचा सांधा. इथं मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. चॅनलच्या टोकाची प्लेट नेमकी कशात ठोकली आहे? बीममध्ये, स्लॅबच्या कडेत, की पॅरापेटच्या, म्हणजे टेरेसच्या कडेच्या बुटक्या भिंतीच्या, विटेत? बाहेरून प्लॅस्टर सारखंच दिसतं, म्हणून प्लेटपासून वीतभर बाजूला, त्याच उंचीवर, सहा मिलिमीटरच्या बिटनं एक भोक मारून बघा. प्लॅस्टर संपल्यावर राखाडी भुगा आला आणि ड्रिल कुरकुरत, अडत आत गेलं तर काँक्रीट. लाल भुगा आला आणि बिट लोण्यासारखं आत शिरलं तर वीट. जांभ्याच्या बांधकामातही भुगा लालच येतो, पण निष्कर्ष बदलत नाही. तिथं फास्टनरवर, म्हणजे भोकात ठोकलेल्या बोल्टवर, जिना टांगायचा नसतो.

याचं कारण समजून घ्या, म्हणजे मिस्त्रीशी बोलता येईल. साधा अँकर फास्टनर भोकात फुगून बाजूंना दाबतो आणि त्या दाबावर धरतो. वीट त्या दाबानं भुगा होते. काँक्रीट धरतं, पण भोक कडेच्या फार जवळ असेल तर तिथला तुकडाच निखळतो. घरगुती स्लॅब साडेचार-पाच इंचांचा, त्याच्या उभ्या कडेत मधोमध भोक मारलं तरी वर-खाली दोन-अडीच इंच उरतात. त्यात रोजची चढ-उतार, म्हणजे प्रत्येक पावलाला थोडा हिसका. फास्टनर वर्षागणिक सैल होत जातो. प्लेट आणि भिंत यांच्यात केसाएवढी फट, बोल्टभोवती प्लॅस्टरला गोल भेग, भिंतीवरून ओघळलेला तांबूस डाग, ही त्याची लक्षणं. कोणालातरी खालच्या चॅनलला हातानं हलकेच ढकलायला सांगा आणि तुम्ही टेरेसवर उभे राहून त्या फटीत व्हिजिटिंग कार्ड धरून बघा. कार्ड चिमटतं-सुटतं असं जाणवलं तर सांधा सुटलेला आहे. मग वरून तिसरी पायरी का हलते त्याचंही उत्तर कदाचित तिथंच सापडेल. फळी सैल नसेलही, चॅनलच वळत असेल.

सांधा बीममध्ये असेल तर केमिकल अँकर घालून तो नव्यानं करता येतो. केमिकल अँकर फुगत नाही, रेझिननं चिकटतो, म्हणून काँक्रीटवर ताण कमी. मात्र भोक ब्रशनं घासून, फुंकून, परत घासून स्वच्छ झालं पाहिजे. भोकात भुगा राहिला तर रेझिन भुग्याला चिकटतं. हे काम चालू असताना स्वतः शेजारी उभे राहा, कारण नंतर तपासायची सोय नसते.

सांधा विटेत असेल तर माझं उत्तर ठरलेलं आहे. घराला टांगायचं सोडून द्यायचं आणि जिन्याला स्वतःचे पाय द्यायचे. वरच्या टोकाखाली दोन खांब, त्यांना स्वतंत्र पाया, आणि वजन सगळं त्यांच्यावर. भिंतीशी नातं फक्त डुलू नये एवढ्यापुरतं. लोक म्हणतात खांबांनी खाली जागा अडते, गाडी लावता येत नाही. अडते खरी. पण साडेचार इंची पॅरापेटला लटकलेल्या जिन्याखाली गाडी लावण्यात तरी काय शहाणपण? राहत्या घराच्या जिन्यासाठी भारतीय मानक दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास तीनशे किलो भार धरायला सांगतं. आपण रोज एकटे चढतो म्हणून तो आकडा जास्त वाटतो. फ्रिज वर न्यायचा असला की चार माणसं आणि फ्रिज एकाच दोन-तीन पायऱ्यांवर असतात.

खाली आता ब्लॉक काढावेच लागतील. प्रत्येक चॅनलभोवती दोन-दोन फूट जागा मोकळी करा, वाळू उपसा, तारेच्या ब्रशनं घासा आणि छोट्या हातोडीनं ठोकत वर या. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं. गंजलेलं बद्द वाजतं आणि पापुद्रे गळतात. पेचकस टेकवून दाबला आणि आत गेला तर तिथं आता नुसता रंग आणि गंज उरलाय. साबूत जागी आणि गंजलेल्या जागी व्हर्नियरनं (बारीक जाडी मोजायच्या पकडीनं) जाडी मोजा. कुठल्या जाडीला दुरुस्ती आणि कुठल्या जाडीला निकाल, हे चॅनलच्या मापावर आणि जिन्याच्या लांबीवर अवलंबून आहे, पण पाव जाडी गेली असेल तर मी तो भाग कापूनच टाकतो. वर पट्टी वेल्ड करून झाकायचा प्रकार बाहेरच्या कामात करू नये. पट्टी आणि जुनं लोखंड यांच्यामध्ये पाणी शिरतं आणि आतून दुप्पट वेगानं खातं.

या जिन्यात एक चांगली गोष्टही दडलेली आहे. खाली साडेतीन इंच चढले, वर तीन इंच चढले. म्हणजे अंगण ते टेरेस ही एकूण उंची जवळपास होती तेवढीच राहिली, फक्त जिना मध्ये खाली राहून गेला. तेव्हा कुजलेले पाय कापायचेच आहेत, वरचा सांधा नव्यानं करायचाच आहे, तर त्याच वेळी अख्खा जिना सव्वातीन इंच वर उचलून बसवायचा. वरच्या मापांत हिशेब केला तर खालची पायरी साडेतीनवरून पावणेसात होते आणि वरची दहावरून पावणेसात. मधल्या सगळ्या सात. फरक दोन सूत. जे पायरी घट्ट करून रंग मारणाऱ्याच्या कामात कधीच सुटलं नसतं ते एका उचलीत सुटतं, आणि नव्या जिन्याचा खर्चही वाचतो. तुमची खरी मापं वेगळी निघाली तर उचलायचे इंच बदलतील, किंवा फक्त टेरेसच्या कडेला एक जास्तीची रुंद पायरी बसवून भागेल. म्हणून आधी माप.

उचलणं हे हौशी काम नाही. १०० मिलिमीटरचं चॅनल मीटरला साधारण साडेनऊ किलो भरतं. दोन्ही बाजू मिळून दहा मीटर धरलं तर नुसतं चॅनलच शंभर किलोच्या घरात, वर फळ्या, अँगल आणि कठडा. फळ्या आधी काढून घ्यायच्या. पाय कापण्यापूर्वी जिन्याला मध्ये आणि वरच्या टोकाशी पक्के टेकू द्यायचे, चेन पुली लावायची आणि खालची जागा रिकामी ठेवायची. टेकू न देता ग्राइंडर चालू करणारा मिस्त्री दिसला तर काम तिथंच थांबवा. वरचे नवे बोल्ट जुन्या भोकांच्या अगदी शेजारी येता कामा नयेत. सव्वातीन इंच उचलल्यावर बहुतेक ती अडचण येते, म्हणून वरची प्लेट जुनी न वापरता लांब करून घ्या.

पाय कापल्यावर त्याच मापाचं नवं चॅनल साबूत लोखंडाला पूर्ण जाडीचं वेल्डिंग करून जोडायचं. खाली काँक्रीटचा पेडेस्टल (बुटका चौथरा), ब्लॉकच्या किमान तीन-चार इंच वर आलेला, पहिल्या पायरीच्या मागं राहील असा, म्हणजे पायात येणार नाही. वरचा माथा किंचित उतरता, पाणी थांबू नये म्हणून. बेस प्लेटखाली न आकसणारा ग्राउट, म्हणजे फटीत भरायचा सिमेंटचा पातळ माल. पाया किती खोल, हे तुमच्या जमिनीवर. कोल्हापूरच्या भोवताली एका गल्लीत दोन फुटांवर मुरूम लागतो आणि पुढच्या गल्लीत काळी माती संपता संपत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर नुसता टेकलेला पाया वर्षातून दोनदा हालतो. मुरमापर्यंत जा. नाहीच लागला तर त्या ठिकाणी माझ्यासारख्याचं न ऐकता स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. वरच्या बीमला किंवा स्लॅबच्या कडेला भेग दिसली तरीही तेच. फॅब्रिकेटरला लोखंड कळतं, तुमच्या स्लॅबमधल्या सळया कुठं आहेत ते त्याला माहीत नसतं.

कठड्याकडे लोक शोभेची वस्तू म्हणून बघतात. पण तोल गेल्यावर माणूस धरतो तो कठडाच. तो डुलतो यात नवल नाही. तीन फूट उंचीच्या खांबाला वरून चाळीस किलोचा आडवा रेटा बसला आणि खालच्या प्लेटवरचे बोल्ट एकमेकांपासून तीन इंचांवर असले, तर ३६ ला ३ नं भागून बारापट, म्हणजे एका बोल्टवर जवळपास ४८० किलोची ओढ येते. पहारीनं धोंडा उचटावा तसा आपलाच कठडा आपलेच बोल्ट उपटत असतो. म्हणून खांब फळीवर किंवा चॅनलच्या वरच्या अंगावर बसवू नये. चॅनलच्या बाजूला लावावा, आणि दोन बोल्ट जमेल तितके वर-खाली लांब ठेवावेत.

चौकोनी पाइप बाहेरून ठीक दिसला तरी आतून तपासा. वरचं टोक उघडं असेल किंवा टोपी निघाली असेल तर पाणी आत जातं आणि तळाशी साचतं. खालचा वीतभर भाग ठोकून बघा. तळाला आठ मिलिमीटरचं भोक असावं, आत गेलेलं पाणी बाहेर पडायला. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर दुधाळी, शाहूपुरीकडच्या घरांतले असे कठडे कापले की आतून गाळाची कांडी निघायची. तुमच्याकडे पूर नाही, पण पाइप पावसानंही भरतोच.

कठडा धरायला हाताच्या मुठीत मावेल असा हवा, दीड ते दोन इंच व्यासाचा गोल पाइप. हल्ली चार इंच रुंद चपटा पाइप वर टाकायची फॅशन आहे, दिसतो छान, पण घसरताना त्याला पकड मिळत नाही. वडिलांसाठी दोन्ही बाजूंना धरायला ठेवा आणि वर-खाली शेवटच्या पायरीच्या पुढं फूटभर न्या. घरात लहान मूल येत-जात असेल तर उभ्या गजांत चार इंचांपेक्षा जास्त फट नको.

फळ्या. बाहेर लाकूड वापरण्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण तुम्हाला ते आवडतं असं दिसतंय. स्क्रूभोवती काळा डाग दिसला की समजायचं, लाकडातलं टॅनिन आणि ओल मिळून स्क्रू खात आहेत. डोकं वर शाबूत असतं आणि लाकडातला भाग सुईएवढा झालेला असतो. असा स्क्रू परत आवळून उपयोग नाही. फळी साबूत असेल तर स्टेनलेसचे आरपार बोल्ट, खाली रुंद वॉशर. फळीची टोकं आणि खालची बाजू पेचकसानं टोचून बघा. वरचं अंग उन्हात वाळतं, कूज खालून सुरू होते. एक फळी बाद निघाली तर सगळ्याच काढून खालचे अँगल बघून घ्या. लाकूड आणि अँगल यांच्यामध्ये साचलेल्या ओलीत अँगल पातळ झालेले असतात. फळी बदलायचीच ठरली तर जाळीदार ग्रेटिंग माझी पहिली पसंती, पाणी थांबतच नाही. चेकर्ड प्लेट (उठावाची नक्षी असलेला पत्रा) चालेल, पण तिच्यावर शेवाळ धरलं की तीही घसरते. ट्रे करून त्यात कडाप्पा बसवायचं खूळ मात्र नको. ट्रेमध्ये पाणी मुरतं आणि तळ कुजतो, वर दगड दिमाखात असतो.

घसरण्यावर साधा उपाय म्हणजे प्रत्येक पायरीच्या पुढच्या कडेला खरबरीत पट्टी, पिवळी किंवा पांढरी. वयस्कर डोळ्यांना कडा दिसणं हाच निम्मा आधार असतो. शेवाळ कडक ब्रशनं आणि साबणाच्या पाण्यानं काढा. ब्लीचिंग पावडर लोखंडाच्या जिन्यावर ओतू नका. वरून पागोळ्या थेट पायऱ्यांवर पडत असतील तर पन्हळ लावून घ्या. आणि टेरेसवर एक नळ काढून द्या. ७४ व्या वर्षी एका हातात बादली घेऊन चढायचं, मग कठडा कुठल्या हातानं धरायचा?

जिन्यावरून दिव्याची किंवा कॅमेऱ्याची वायर नेली असेल तर इलेक्ट्रिशियनकडून ती वेगळ्या पाइपात घालून घ्या आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का बघा. वायर सोलली गेली तर ओल्या जिन्यात करंट उतरतो.

रंग सगळ्यात शेवटी. घरातल्या कामात वेल्डिंगचे तुटक टाके चालतात. बाहेर प्रत्येक सांधा सलग, चारी बाजूंनी बंद झाला पाहिजे, नाहीतर फटीत पाणी शिरतं आणि वर्षभरात तिथून तांबडे ओघळ सुरू होतात. मग गंज धातू उघडा पडेपर्यंत काढायचा, वेल्डिंगची पोपडी झाडायची, झिंक फॉस्फेट इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर पीयू (पॉलियुरेथेन रंग). नुसत्या इपॉक्सीची उन्हात भुकटी सुटते, म्हणून वर पीयू हवाच. गंजावर लांबी (पुट्टी) भरून, रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर चकचकीत ऑइलपेंट, हे पहिल्या फॅब्रिकेटरच्या मनात असावं. दोन पावसाळे ते सुंदर दिसेल, आणि मग कुठं बिघडलंय ते कोणालाच दिसणार नाही. हवेत ओल असताना इपॉक्सी करू नये. पावसाळा सुरू झाला असेल तर लोखंडकाम करून प्रायमरपर्यंत कोरड्या दिवसांत उरका, वरचा रंग दिवाळीच्या आसपास.

दुसऱ्या फॅब्रिकेटरबद्दल. तो फसवतोय असं मला वाटत नाही. आमच्या धंद्यात काम किलोच्या दरावर चालतं. दुरुस्तीत लोखंड कमी आणि माणसांचे दिवस जास्त जातात, किलोच्या हिशेबात त्याला ते परवडत नाही, म्हणून तो नव्यावर येतो. दुरुस्तीचा दर त्याच्याकडून ठोक मागा आणि कोटेशनमध्ये चारच गोष्टी लिहून घ्या: वरचा सांधा कसा, पाय कुठून कापणार, टेकू कोण देणार, प्रायमर कुठला.

नवाच करावा लागेल अशा स्थितीही आहेत. चॅनल मध्यावरही, पायऱ्यांच्या अँगलपाशी, पातळ झालं असेल. किंवा ज्याला तुम्ही चॅनल म्हणताय तो खरं तर दोन मिलिमीटरचा बंद पाइप असेल आणि आतून कुजला असेल. किंवा जिना मुळातच उभा असेल, नऊ इंच उंची आणि आठ इंच पाय ठेवायला, तर तो कितीही मजबूत केला तरी वडिलांसाठी धोकाच राहील. दहा फूट चढायला १९० मिलिमीटरच्या १६ उंच्या लागतात आणि पायरीला २५० मिलिमीटर धरले तर जमिनीवर पावणेचार मीटर लांबी. एवढी सरळ जागा नसेल तर मध्ये लँडिंग घेऊन वळवावा लागतो, जुना जिना ओढूनताणून बसत नाही.

तुमच्या वर्णनावरून माझा कल दुरुस्तीकडे आहे, मधलं चॅनल साबूत निघालं या अटीवर. ब्लॉक काढून झाल्यावर चार फोटो टाका: दोन्ही पायांचे जवळून, वरच्या प्लेटचा खालून वर बघत काढलेला, आणि खडूनं आकडे लिहिलेल्या चॅनलचा बाजूनं. ड्रिलचा भुगा कागदावर धरून त्याचाही एक काढा. चॅनलची रुंदी टेपनं आणि पत्र्याची जाडी व्हर्नियरनं मोजून सोबत लिहा, म्हणजे किती इंच उचलायचं आणि खांब लागतील का, ते सांगतो.